पेकान प्रालीन: न्यू ऑर्लिन्सची वडी घरच्या गॅसवर

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात फ्रेंच क्वार्टर नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या मिठाईच्या दुकानांत फिकट तपकिरी रंगाच्या, ओबडधोबड कडांच्या चकत्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीत पेकानचे, म्हणजे अक्रोडासारख्या एका सुक्या फळाचे, गर अर्धे बुडालेले, अर्धे वर डोकावणारे दिसतात. घास घेतला की आधी बारीक रवा जाणवतो, तो जिभेवर विरघळतो आणि मागे लोण्याची, किंचित खरपूस मळीची आणि भाजलेल्या पेकानची चव रेंगाळते. हीच पेकान प्रालीन. न्यू ऑर्लिन्सचे लोक तिचा उच्चार ‘प्रालीन’ असाच करतात. अमेरिकेच्या इतर भागांत ‘प्रेलीन’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

चित्रात ती चिक्कीची बहीण वाटते, पण ते नाते खरे नाही. चिक्कीचा पाक इतका पुढे नेलेला असतो की थंड झाल्यावर साखरेला कण धरायला वावच राहत नाही. ती काचेसारखी घट्ट होते आणि कडकन मोडते. प्रालीनमध्ये मात्र साखरेने कण धरणे हाच सगळा कारभार आहे, फक्त तो कण बारीक आणि एकसारखा असावा लागतो. म्हणून कुळ बघायचे तर ती आपल्या नारळाच्या वडीच्या कुळातली आहे. वडीचे मिश्रण गॅसवरून उतरवून ज्यांनी घोटले आहे आणि ताटात ओतण्याचा नेमका क्षण ज्यांनी कधीतरी चुकवला आहे, त्यांना प्रालीनचे निम्मे काम आधीपासून येते.

हे नाव मुळात फ्रान्सचे आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच सेनानी सेझार, प्लेसी-प्रालँचा काउंट, याच्या नावावरून साखरेचे कवच चढवलेल्या बदामांना ‘प्रालीन’ म्हणू लागले. त्याच्या आचाऱ्याने ते प्रथम केले, असे परंपरा सांगते. फ्रेंच वसाहतकार लुइझियानात आले तेव्हा ही मिठाई त्यांच्याबरोबर आली, पण तिथे बदाम दुर्मीळ होते आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात पेकानची झाडे मुबलक होती. उसाची शेतीही त्याच भागात वाढली. एत्येन द बोरे याने १७९५ मध्ये आपल्या मळ्यावर उसाच्या रसापासून दाणेदार साखर काढून दाखवल्यावर तिथला साखरधंदा जोमाने वाढला. त्या मळ्यांवर आणि स्वयंपाकघरांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हातांत बदामाच्या जागी पेकान आले, पाकात दूध, साय आणि लोणी पडले आणि सुक्या कवचाच्या बदामाची मऊ, रवाळ वडी झाली. एकोणिसाव्या शतकात टोपलीत प्रालीन घेऊन रस्त्यावर विकणाऱ्या या स्त्रियांना ‘प्रालिनिएर’ म्हणत. आज आपण जी कृती करतो ती त्यांची आहे आणि तिचे श्रेय त्या काउंटपेक्षा त्यांना द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या टोपलीत नारळाच्या पांढऱ्या आणि गुलाबी प्रालीनही असत, हे वाचल्यावर मराठी वाचकाला आपल्या ताटातल्या पांढऱ्या-गुलाबी वड्या आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

साहित्य आणि त्याची पारख

साधारण २० वड्यांसाठी पांढरी साखर ३०० ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, सायीचे दूध ६० मिलिलिटर, फ्रेश क्रीम ६० मिलिलिटर, बिनमिठाचे बटर ८५ ग्रॅम, पेकानचे सोललेले गर १५० ग्रॅम, पाव चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा व्हॅनिला इसेन्स घ्यावा. ही मापे वाटीने न घेता काट्यावर तोलून घ्यावीत, कारण ब्राउन शुगर वाटीत किती दाबून भरली यावर तिचे वजन बरेच बदलते. प्रमाण दुप्पट करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ही वडी सुरुवातीची चकती टाकल्यापासून दोन-तीन मिनिटांत भांड्यातच घट्ट होऊ लागते, त्यामुळे दुप्पट मिश्रणातील निम्मे भांड्यालाच चिकटून राहते. पाहुणे अधिक असतील तर दोन वेळा करावी.

पेकान हे अक्रोडाच्या कुळातील झाड आहे आणि त्याच्या गराच्या वजनाचा जवळजवळ ७० टक्के भाग स्निग्धांश असतो. त्यामुळे तो लवकर खवट होतो. विकत घेतल्यावर एक गर चावून पाहावा; जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, जुन्या तेलासारखी चव आली तर ते पेकान वापरू नयेत, कारण पाकाची गोडी हा दोष झाकत नाही. उरलेले पेकान हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत. शक्यतो अखंड अर्धुके घ्यावीत. पातळ सालीचे, अख्खे निघणारे पेकान आज सहज मिळतात, त्यामागे कलमांची कला आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात लुइझियानातील ओक अ‍ॅली मळ्यावर अँत्वान नावाच्या गुलाम माळ्याने पेकानच्या १६ झाडांवर यशस्वी कलमे बांधली. त्यातून आलेल्या फळाला १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि त्या जातीला ‘सेंटेनियल’ हे नाव पडले. त्या माळ्याचे आडनावही इतिहासात नोंदलेले नाही.

टेक्सस किंवा जॉर्जियात राहणाऱ्या मराठी घरांना शरद ऋतूत ताजे पेकान सहज मिळतात. भारतात ते परदेशातून येतात आणि महाग पडतात. परवडत नसतील तर अक्रोड घ्यावेत. त्यांच्या सालीत थोडा तुरटपणा असतो, म्हणून ते जरा अधिक भाजावेत आणि कोमट असतानाच स्वच्छ फडक्यात चोळून सुटेल तेवढी साल काढावी.

ब्राउन शुगरबाबत अधिक सावध राहावे लागते. इथे हवी ती मुठीत दाबल्यावर ओल्या वाळूसारखी गोळा धरणारी, मऊ, मळीयुक्त साखर. भारतात याच नावाने कोरडी, जाड दाण्याची साखरही विकली जाते. ती उशिरा विरघळते आणि तिच्यात मळीचा अंश कमी असतो. मऊ साखर न मिळाल्यास १३५ ग्रॅम पांढऱ्या साखरेत एक मोठा चमचा काकवी मिसळावी. काकवी म्हणजे मळी नव्हे, चव थोडी निराळी येते, पण ती छान लागते. काकवी त्याहून जास्त घालू नये, कारण तिच्यातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साखरेला कण धरू देत नाहीत आणि वडी चिकट राहते. सगळी साखर काढून गूळ घालण्याचा विचार याच कारणाने सोडून द्यावा.

गुळात दूध घातले की ते फाटते, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. ब्राउन शुगरही किंचित आम्ल असते आणि उकळत्या पाकात निव्वळ दूध कधीकधी बारीक फुटते. म्हणूनच मी निम्मे दूध आणि निम्मे क्रीम घेण्यास सांगतो. क्रीममध्ये स्निग्धांश जास्त आणि प्रथिने कमी असल्याने ते उष्णता अधिक सोसते. काही जण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. तो आम्लता मारतो आणि रंग गडद करतो, पण मिश्रण एकदम फसफसून वर येते. क्रीम घातले असेल तर त्याची गरज पडत नाही.

मांडामांड आधी, आच नंतर

जाड बुडाचे, सरळ उभ्या कडांचे, किमान तीन लिटरचे पातेले घ्यावे. मिश्रण अर्धा लिटरच भरते, पण उकळताना तिप्पट फुगते. नॉनस्टिकच्या गडद रंगात पाकाचा रंग नीट दिसत नाही, म्हणून स्टीलचे पातेले बरे. लांब दांड्याचा लाकडी कालथा, पाकासाठीचा थर्मामीटर, दोन मोठे चमचे आणि एका वाटीत बर्फाचे पाणी जवळ ठेवावे. ओट्यावर जुन्या वर्तमानपत्रांची घडी पसरून तिच्यावर बटर पेपर अंथरावा. खालची घडी ओटा तापू देत नाही. मेणकागद वापरल्यास गरम वडीखाली मेण वितळून तिला चिकटते. व्हॅनिलाचे माप काढून ठेवावे. उतरवल्यानंतर कपाट उघडायला वेळ मिळणार नाही.

थर्मामीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. आधी तो साध्या उकळत्या पाण्यात धरून पाहावा. समुद्रसपाटीला तो १०० अंश सेल्सिअस दाखवेल, मात्र उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते: पुण्यात साधारण ९८ अंशांना, महाबळेश्वरला त्याहूनही काही अंश खाली. आपल्याला हवा असलेला पाक म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर १५ अंश. मुंबईत ते ११५ होतात, पुण्यात ११३. थर्मामीटर मुळातच एखादा अंश चुकीचा दाखवत असेल, तर ती चूकही या वजाबाकीत आपोआप निघून जाते.

एक गोष्ट गांभीर्याने सांगितली पाहिजे. ११५ अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा घातक असतो, कारण तो कातडीला चिकटून राहतो. लहान मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवावे, पाकाची चव बोटाने घेऊ नये आणि चटका बसलाच तर तो भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये.

पाक

पेकान मंद आचेवर जाड तव्यावर सात-आठ मिनिटे, सतत हलवत भाजावेत. रंग किंचित गडद झाला आणि घरभर खमंग वास सुटला की ते ताटात काढावेत. ते गार होऊ न देता कोमट राहतील अशा जागी ठेवावेत, कारण थंडगार गर पाकात पडले तर पाक त्यांच्याभोवती एकदम आखडतो.

आता पातेल्यात दोन्ही साखरा, दूध, क्रीम, बटर आणि मीठ एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. या पायरीत घाई केली तर तिचा दोष अर्ध्या तासाने दिसतो आणि तेव्हा तो दुरुस्त होत नाही, म्हणून इथे धीर धरावा. साखरेचा प्रत्येक दाणा उकळी येण्यापूर्वी विरघळला पाहिजे. कालथ्याच्या टोकावरचा थेंब गार करून दोन बोटांत चोळावा. खरखर लागली तर आच तशीच मंद ठेवून आणखी ढवळावे. पातेल्याच्या कडांवर उडालेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवावेत, किंवा पहिल्या उकळीला दोन मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे वाफेचे पाणीच कडा धुऊन काढते. एक सुटा दाणा शेवटी पाकात पडला तर त्याच्याभोवती बाकीची साखर जमू लागते आणि वडी भरड होते.

साखर विरघळल्यावर आच मध्यम करावी. दूध असल्यामुळे हा पाक तळाला लागू शकतो, म्हणून कालथा तळावरून सावकाश फिरवत राहावा. जोराने मात्र ढवळू नये. सुरुवातीला बुडबुडे मोठे, पातळ आणि घाईने फुटणारे असतात. आठ ते बारा मिनिटांत ते लहान आणि जाड होतात, फुटताना ‘फद्’ असा दमदार आवाज येऊ लागतो आणि रंग दुधाळ मातकटावरून कॅरॅमलकडे झुकतो. थर्मामीटर ११० दाखवू लागला की कोमट पेकान घालावेत. तापमान दोन-तीन अंश उतरेल आणि पुन्हा चढेल. पेकान शेवटी घालण्याचीही रीत आहे, पण पाकात दोन मिनिटे शिजलेल्या पेकानचा अंश बटरमध्ये उतरतो आणि वडीच्या कणाकणाला त्याची चव लागते, म्हणून मला हीच रीत पटते. थर्मामीटरचे टोक पाकात असावे. तळाला किंवा गराला टेकलेले नसावे.

थर्मामीटर नसेल तर आपली जुनी परीक्षा तितकीच खरी आहे. बर्फाच्या पाण्यात पाकाचा थेंब टाकावा. तो विरघळून पसरला तर पाक कच्चा. त्याची पाण्याखाली मऊ गोळी झाली आणि बाहेर काढून बोटावर ठेवल्यावर ती स्वतःच्या वजनाने बसकी झाली, तर तो नेमका हवा तो गोळीबंद पाक. गोळी टणक राहिली, तर पाक पुढे गेला. या टप्प्यावर पाकात सुमारे ८५ टक्के साखर असते. दोन-तीन अंशांची चूकही वडीच्या पोतात लगेच उमटते. म्हणून परीक्षा करताना पातेले आचेवरून बाजूला घ्यावे. गोळी तपासेपर्यंत आच चालू राहिली तर परीक्षेत उतरलेला पाक परीक्षेनंतर नापास होतो.

घोटणे

११५ अंशांना गॅस बंद करून पातेले ओट्यावर घ्यावे आणि दोन मिनिटे हात न लावता ठेवावे. मग व्हॅनिला घालावा. आधी घातला तर त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो. यापुढची दोन-तीन मिनिटे म्हणजे खरी प्रालीन. इतर सर्व पायऱ्या काट्यावर आणि थर्मामीटरवर सोपवता येतात, ही मात्र डोळ्यांनी, कानांनी आणि मनगटानेच करावी लागते.

तापलेल्या पाकात साखर सुखाने विरघळलेली असते. तो निवू लागला की पाण्याला तेवढी साखर पेलवत नाही आणि ती कणरूपाने बाहेर पडण्याची वाट पाहत असते. घोटण्याने तिला धक्का मिळतो आणि एकाच वेळी असंख्य कण धरू लागतात. कण असंख्य असल्यामुळेच ते बारीक राहतात. फार गरम असताना घोटावे तर थोडे आणि मोठे कण धरतात आणि वडी वाळूसारखी होते. फार थांबावे तर सगळे मिश्रण पातेल्यातच ढेकूळ धरते. दोन मिनिटांचा विसावा या दोहोंच्या मधला आहे.

कालथा गोलाकार, एका लयीत, तळापासून फिरवावा. सुरुवातीला मिश्रण पातळ, गडद आणि काचेसारखे चकचकीत असते, कालथ्यावरून धारेने ओघळते आणि आवाज ओला येतो. मिनिटभरात ते जड होते. मग रंग अर्धी छटा फिका होतो, चकाकी कडेकडून विरत जाऊन साटिनसारखी मंद झळाळी उरते, कालथ्याची रेघ क्षणभर टिकते आणि आवाजात किंचित खरखर येते. पेकान तोवर तळाशी किंवा पृष्ठभागावर गोळा झालेले असतात. ते आता मिश्रणात अधांतरी राहू लागतात. हाच तो क्षण. चकाकी पूर्ण जाण्याची वाट पाहू नये. ती जाईपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या खेपेला शंका वाटल्यास बटर पेपरवर अर्धा चमचा टाकून पाहावा. तो पसरून सपाट झाला आणि चकचकीत राहिला तर आणखी वीस-तीस वेळा घोटावे. तो फुगीर राहून कडेने मंद होऊ लागला तर तत्काळ सुरुवात करावी.

एका चमच्यात मिश्रण घेऊन दुसऱ्याने बटर पेपरवर ढकलावे, दोन चकत्यांत बोटभर अंतर ठेवावे आणि प्रत्येकीत तीन-चार गर येतील याकडे लक्ष द्यावे. आकार सारखे करण्यात वेळ दवडू नये. शक्य असेल तर घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाला सोबत घ्यावे. एकाने घोटत राहावे, दुसऱ्याने टाकावे. माझ्या अनुभवात दोन माणसांनी टाकलेल्या प्रालीन पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सारख्या उतरतात, एकट्याने टाकलेल्यांतल्या शेवटच्या पाच नेहमी भरड होतात. पातेल्यात मिश्रण आळू लागलेच तर एक मोठा चमचा उकळते पाणी घालून, अगदी मंद आचेवर अर्धा मिनिट सैल करावे आणि पुढे चालावे.

अर्ध्या तासात चकत्या कागदावरून सुटतात. तोपर्यंत त्या हलवू नयेत.

बिघडल्यास

तासाभरानंतरही वडी चिकट, ताणली जाणारी राहिली तर पाक कच्चा राहिला आहे. सर्व चकत्या परत पातेल्यात घालाव्यात, चार मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवाव्यात आणि पुन्हा ११५ अंशांपर्यंत न्यावे. चव थोडी गडद होते, पण वडी निश्चित जमते. वडी कोरडी, भुगा होणारी झाली तर पाक पुढे गेला होता किंवा घोटणे लांबले. तीही याच रीतीने पाणी घालून सुधारता येते. पृष्ठभागावर पांढरट ठिपके किंवा ढगाळ चट्टे दिसले तर ते साखरेचे कण आहेत, बुरशी नव्हे. ती वडी निर्धास्त खावी. करपल्याचा वास आला असेल मात्र काहीही वाचवण्याच्या भानगडीत पडू नये.

हवामानाचा परिणाम खरा आहे. न्यू ऑर्लिन्सची हवा अत्यंत दमट असते आणि पावसाच्या दिवशी प्रालीन करू नये, असे तिथल्या जुन्या गृहिणी सांगत आल्या आहेत. साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि चकती वरून घाम आल्यासारखी ओलसर होते. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा काळ म्हणूनच टाळावा. करायचीच असेल तर पाक एक अंश पुढे न्यावा आणि वड्या पूर्ण गार होताच डब्यात बंद कराव्यात. गरम असताना डब्यात भरल्या तर त्यांचीच वाफ त्यांना ओलावते.

हवाबंद डब्यात थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवलेल्या प्रालीन आठवडाभर उत्तम राहतात. नंतर कण हळूहळू मोठे होतात आणि बटरचा ताजेपणा ओसरतो. त्या फ्रीजमध्ये ठेवू नयेत, कारण बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव जमून पृष्ठभाग चिकट होतो. तुटलेल्या तुकड्यांचा जाडसर भुगा करून व्हॅनिला आइस्क्रीमवर घालावा. न्यू ऑर्लिन्समध्येही आइस्क्रीमवर प्रालीन घालून खातात.